दोर सैल कोण करणार?



अध्यक्षांनी स्काउट-गाइड चळवळीचा आढावा घ्यावा अशी रीत आहे. आज ती मी बाजूला ठेवते. या सभागृहात असे बरेच जण आहेत ज्यांनी अजून पथकाची एकही साप्ताहिक सभा घेतलेली नाही. कुणाचे नाव मुख्याध्यापकांनी यादीत घातले आहे, कुणी आपल्या मुलाला मैदानावर सोडायला आले आणि पथक सांभाळायला हो म्हणून बसले. मला त्यांच्याशी बोलायचे आहे.

माझे पहिले शिबिर सांगते. २६ मुली होत्या. परवानगीसाठी मी घरोघर फिरले होते. एका आजींनी मला ओसरीवर बसवून विचारले, "तंबूला दार असतं का? आणि रात्री जागं कोण राहणार?" मी रात्रीच्या पहाऱ्याचा कागद काढून दाखवला. त्यांनी तो नातीकडून दोनदा वाचून घेतला आणि जाताना तिच्याबरोबर दशम्या बांधून दिल्या.

तंबू दुपारी उभे केले. म्हणजे मी उभे केले. मुली खुंट्या हातात देत होत्या, ठोकत मी होते. ताणदोराची एकेक गाठ मी मारली, कारण सगळे नीट व्हायला हवे होते. रात्री दोनच्या सुमाराला पाऊस आला. सुती दोर भिजला की आखडतो, आखडला की खुंटी उपसून काढतो. म्हणून निजण्यापूर्वी दोर थोडे सैल करून ठेवायचे असतात. निदान पहिला थेंब पडताच तरी उठून सैल करायचे. मला हे ठाऊक होते, पण त्या दिवसाच्या धावपळीत ते राहून गेले, आणि मुलींना तर मी सांगितलेच नव्हते. मी दुसऱ्या तंबूपाशी पोचेपर्यंत चौथा आडवा झाला होता. भिजलेल्या कापडाखाली सहा मुली मधली काठी धरून बसल्या होत्या आणि "ताई येतील, ताई येतील" असे एकमेकींना सांगत होत्या.

कुणाला लागले नाही. पण ते "ताई येतील" अजून माझ्या कानात आहे. हुशार, धडधाकट मुली होत्या त्या. दोर त्यांच्यापासून दोन हातांवर होता. तरी त्या बसून राहिल्या, कारण दुपारभर मी त्यांना तेच शिकवले होते.

ज्या माणसाने वेढ्यात सापडलेले माफेकिंग २१७ दिवस झुंजवले, त्या आपल्या चळवळीच्या संस्थापकाचे, बेडन-पॉवेल यांचे पथकाच्या संख्येबद्दलचे गणित मला त्या रात्रीनंतर उमगले. ते म्हणत, मला स्वतःला जेमतेम १६ मुलांकडे नीट लक्ष पुरवता येते; बाकीचे माझ्या दुप्पट समर्थ आहेत असे धरले, तर पथक ३२ चे होईल. फौज हाताळलेला माणूस १६ म्हणतो आणि आपण पहिल्याच आठवड्यात ६० नावे लिहून घेतो! १९०७ च्या ऑगस्टात ब्राउनसी बेटावर त्यांनी पहिले शिबिर घेतले, तेव्हा मुले होती २० च्या आसपास. तेवढ्यांचेही त्यांनी चार संघ केले आणि प्रत्येक संघाला त्यांच्यातलाच एक नायक दिला.

म्हणून नव्या मंडळींना माझे आग्रहाचे सांगणे आहे: पहिला महिना-दीड महिना सहा ते आठ मुलेच घ्या. प्रार्थनेच्या वेळी सगळ्या शाळेला घोषणा करू नका. या सहा-आठ जणांबरोबर चाला, मार्गखुणा शोधा, चूल पेटवा, रीफ नॉट आणि क्लोव्ह हिच या गाठी डोळे मिटून येईपर्यंत बसा. मग त्यांनाच संघनायक करा आणि आपापला संघ त्यांना जमवू द्या. शाळा आकडा मागेल. तेव्हा सांगा की सहामाहीला आकडा देतो. हे सांगायला धीर लागतो, मला कल्पना आहे.

पुढची परीक्षा मानसभेची. संघनायकांना एकत्र बसवून निर्णय घ्यायला लावायचा आणि तो पाळायचा. एकदा आमच्या मानसभेने पदभ्रमणासाठी मी सुचवलेला गड नाकारून गावामागचा पाझर तलाव निवडला. मला तो रटाळ वाटला होता. तरी गेलो. नकाशा मुलींनी काढला, वाटेत दगडांच्या खुणा त्यांनी मांडल्या, आणि एक चुकलेला संघ त्याच खुणांवरून त्यांनी परत आणला. मी मागे चालत होते. मला एकदाही शिट्टी वाजवावी लागली नाही.

खरी कमाईचेही तसेच आहे. आठवड्यात मुलाने शेजारीपाजारी काम करून चार पैसे मिळवायचे असतात. बाबांनी खिशातून नोट काढून कार्डावर आकडा चढवला, तर त्या मुलाचा आठवडा बुडाला. आमच्या एका मुलीने शेजारच्या काकूंचे तांदूळ निवडून दिले आणि मिळालेली नाणी कागदाच्या पुडीत बांधून आणली. पुडीवर तिने पेन्सिलीने लिहिले होते, "खडे ४१." मोजले होते तिने! पालकसभेत हे आधी बोलून घ्या.

मात्र मागे सरायचे म्हणजे निघून जायचे, असा अर्थ कुणी घेऊ नये. काही गोष्टी मोठ्यांच्याच आहेत आणि त्यात मी तसूभर ढिलाई मान्य करणार नाही. पालकांची लेखी संमती. कुणाला दमा आहे, कुणाला कोणते औषध चालत नाही, याची वही. जवळच्या दवाखान्याचा रस्ता. पाण्यात कुणी उतरायचे आणि कुणी नाही. शिबिरात किमान दोन मोठी माणसे. आणि एकट्या मोठ्या माणसाने एकट्या मुलाबरोबर बंद दाराआड राहायचे नाही, मग ते माणूस कितीही विश्वासाचे असो. नियम माझ्यासाठीही तोच.

प्रशिक्षण झाल्याशिवाय सुरुवात कशी करू, असे मला पुष्कळ जण विचारतात. मूलभूत प्रशिक्षणाला जरूर जा, लवकर जा. पण हेही आठवा: १९०९ मध्ये बंगळुरूला आपल्याकडचे पहिले पथक निघाले, तेव्हा भारतीय मुलांना त्यात जागा नव्हती. श्रीराम बाजपेयी यांनी शाहजहानपूरला १९१३ मध्ये मुले जमवली, ॲनी बेझंट यांनी १९१६ मध्ये मद्रासला पागोटी घातलेले आणि आपली गाणी गाणारे स्काउट उभे केले, मग १९१८ मध्ये मालवीय, कुंझरू आणि बाजपेयी यांची सेवा समिती स्काउट संघटना आली. ७ नोव्हेंबर १९५० ला स्काउट संघटनांची मिळून भारत स्काउट्स आणि गाइड्स संस्था झाली. त्याआधीची जवळजवळ चाळीस वर्षे कुणी ना कुणी, कुठल्या ना कुठल्या मैदानावर, हाताशी होते तेवढ्यावर सुरुवात करत होते.

आता दुपारचे सत्र. आठ-आठ जणांचे संघ केले आहेत, याद्या बाहेर फळ्यावर लावल्या आहेत. मागच्या पटांगणात तंबू, खुंट्या आणि सुती दोर ठेवला आहे. रात्रीचा स्वयंपाकही संघानेच करायचा आहे. माझे नाव पाचव्या संघात आहे. आमचा नायक तेवीस वर्षांचा एक रोव्हर आहे, आणि त्याने मला सरपण आणायला सांगितले आहे.