सुईतला दोरा



१९९० साली मी बी.ए.ला होतो. त्या हिवाळ्यात आमच्या धायरीत एका टेलिफिल्मचं चित्रीकरण झालं. दिग्दर्शक माझा मित्र. संवाद मी लिहिले होते आणि रिफ्लेक्टर धरायलाही मीच होतो. तेव्हाची धायरी म्हणजे शेतं, जुनी घरं आणि लांबवर सिंहगड. अब्बांचं शिवणाचं दुकान गावातच. गोष्टीत एक शिंपी होता. मित्र म्हणाला, "चाचा, मशीनवर तुम्हीच बसा."

कॅमेरा होता १६ मिलिमीटरचा. ४०० फुटांचं रीळ सेकंदाला २५ चौकटींच्या वेगानं १० मिनिटं ४० सेकंदांत संपतं. कच्ची फिल्म महाग, म्हणून आधी तालीम आणि मगच कॅमेरा. अब्बांना फक्त सुईत दोरा ओवायचा होता. रोजचंच काम, पण कॅमेरा सुरू झाला आणि दोरा दोनदा हुकला. आमचे श्वास अडकले. मित्रानं 'कट' म्हटलं नाही. तिसऱ्या खेपेला जमलं.

टीव्हीवर अब्बांचे हात दिसले, दोरा काही दिसला नाही. त्या काळच्या टीव्हीचं चित्र ५७६ ओळींचं. पुढे आमच्याकडची व्हीएचएस कॅसेट बुरशीनं गेली. २००४ मध्ये अब्बाही गेले.

मग १०८० ओळींचा हाय डेफिनिशन टीव्ही आला आणि या लहान फिल्मवर संकट आलं. फिल्मच्या चित्रात बारीक रासायनिक कण असतात, त्यांना 'ग्रेन' म्हणतात. फिल्म लहान, म्हणून पडद्यावर ते मोठे दिसतात. डिजिटल प्रसारणात एका चौकटीतून दुसरीत जे बदलतं, मुख्यतः तेवढंच पाठवून जागा वाचवतात. पण ग्रेन प्रत्येक चौकटीत नवा! यंत्रणेची दमछाक होते, चित्र फुटतं. बीबीसीनं तर आपल्या एचडी वाहिनीच्या नियमांत सुपर १६ला एचडी मानायलाच नकार दिला होता. उलट अमेरिकेत २०१० साली सुरू झालेली 'द वॉकिंग डेड' ही मालिका मुद्दाम सुपर १६वर चित्रित झाली. त्यांना तो खरखरीतपणाच हवा होता.

आमच्या टेलिफिल्मची निगेटिव्ह मित्राच्या कपाटात राहिली होती. डब्याला व्हिनेगरसारखा आंबूस वास येऊ लागला होता. अशी फिल्म नासू लागल्याची ती खूण. आम्ही घाईनं ती नव्यानं स्कॅन करून घेतली. अब्बा समोर आले. हनुवटीवरचे पांढरे खुंट, बोटावरचं अंगुस्तान आणि दोरासुद्धा! इतकी वर्षं तो फिल्मवर होता, टीव्हीला दिसत नव्हता.

स्कॅन करणारा मुलगा म्हणाला, "काका, ग्रेन काढून टाकतो, चित्र स्वच्छ होईल." त्यानं करून दाखवलं. चेहरा मेणासारखा गुळगुळीत झाला आणि दोराही गेला. यंत्राच्या लेखी दोरा आणि ग्रेन, दोन्ही कचराच. मी म्हटलं, "बाळा, राहू दे तसंच."

माझ्या मुलीला तिचे आजोबा आठवत नाहीत. दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या असलेलं ते चौकोनी चित्र तिनं परवा पाहिलं. तिनं विचारलं, "यांचे हात असेच थरथरायचे का?"

म्हटलं, "नाही गं. त्या दिवशी घाबरले होते. फिल्म महाग होती ना."