हरणांसाठी आडोसा, पिकासाठी कुंपण
(वनालगतच्या गावांतील शेतकरी मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



विदर्भात जंगलाच्या कडेला ज्यांची शेती आहे, त्यांना चितळ, सांबर, रोही आणि रानडुक्कर यांची ओळख करून देण्याची गरज नाही. हरभरा घाटे धरू लागला की कळप धुऱ्यावर येतो. मग मचाण, जागल, टिनाचे डबे आणि फटाके सुरू होतात. रात्रभर जागून माणूस थकतो, पण सकाळी शेताचा एक कोपरा तुडवलेला दिसतोच. अशा शेतकऱ्यासमोर "हरणांना निर्धास्त वाटावे म्हणून झाडे लावा" असे म्हटले तर तो साहजिकच विचारेल, "साहेब, आमच्या पिकाचे काय?" आज याच प्रश्नाचे उत्तर मी देणार आहे.

थोडक्यात सांगायचे तर आडोसा हरणांसाठी आणि कुंपण पिकासाठी, ही दोन वेगळी कामे आहेत. दोन्ही कामे एकाच ओळीत उरकण्याचा प्रयत्न केला तर नुकसान होते. योग्य जागी केली तर ती एकमेकांना पूरक ठरतात.

हरीण कशाला भिते?

चरताना हरणाची मान खाली असते, म्हणून ते दर थोड्या वेळाने मान वर करून चहूकडे पाहते. रस्त्यावरची माणसे, मोटारसायकली व मोकाट कुत्री सतत दिसत राहिली तर त्याचे चरणे मोडते. अशा ठिकाणी कितीही गवत असले तरी कळप दिवसा तेथे थांबत नाही. तो दाट झाडीत बसून राहतो आणि अंधार पडल्यावर भुकेला बाहेर निघतो. त्या वेळी त्याला सर्वांत जवळचे व कोवळे अन्न कोठे मिळते? आपल्या हरभऱ्यात. शिवाय हाकललेला कळप वाट फुटेल तिकडे धावतो. तो जितके खातो त्याहून जास्त तुडवतो. याच धांदलीत एखादे जनावर कठडा नसलेल्या विहिरीत पडते किंवा कुत्र्यांच्या तावडीत सापडते.

म्हणून जंगलाच्या बाजूचे गवत आणि पाणी माणसांच्या नजरेआड ठेवले तर हरणांचे दिवसाचे चरणे तेथेच होण्यास मदत होते. अमेरिकेत पांढऱ्या शेपटीच्या हरणांसाठी रस्ता आणि गवताचा तुकडा यांच्यामध्ये स्विच गवताचा किंवा ज्वारीच्या जातीतील उंच पिकाचा पडदा लावतात. तेथे पुष्कळदा त्यामागे शिकारीचा हेतू असतो. आपल्याकडे वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये हरणांची शिकार हा गुन्हा आहे. आपला हेतू वेगळा आहे, तो म्हणजे हरीण जंगलात निर्धास्त राहावे आणि शेतकरी घरी निर्धास्त झोपावा.

आडोसा म्हणजे अडचण नव्हे

येथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. ज्या दाट झुडपात हरीण लपते, त्याच झुडपात बिबट्याही दबा धरून बसतो. हे हरणाला पक्के ठाऊक असते. म्हणून चितळ चरायला झाडीच्या कडेची मोकळी जागा पसंत करते. धोका दिसला तर झाडीत शिरता यावे आणि धोका आला तर तो दुरून दिसावा, अशा दोन्ही गोष्टी त्याला हव्या असतात. यावरून आडोशाचे तीन नियम निघतात.

१) आडोसा फक्त गाव, रस्ता किंवा वस्तीच्या बाजूला असावा. गवताच्या तुकड्याला चारही बाजूंनी वेढू नये.

२) पट्ट्यात ठिकठिकाणी वाटा सोडाव्यात. त्या सरळ न ठेवता तिरप्या ठेवाव्यात, म्हणजे रस्त्यावरून आरपार दिसत नाही. ज्या जागेतून पळायला एकच वाट आहे, तेथे हरीण थांबत नाही.

३) पाणवठ्याच्या काठावर दाट लागवड करू नये. पाण्याभोवती १५ ते २० मीटर जागा मोकळी ठेवावी.

आडोशामुळे दिसणे थांबते. वास आणि आवाज थांबत नाही. म्हणून गावातील कुत्री मोकाट जंगलाकडे जाऊ देऊ नयेत, ही पथ्याची बाब आडोशाइतकीच महत्त्वाची आहे.

जागेची आखणी

जंगलाकडून शेताकडे येताना चार पट्टे मनाशी धरा. पहिला गवत व पाण्याचा. दुसरा आडोशाचा, सुमारे ३ ते ४ मीटर रुंद. तिसरा पूर्ण मोकळा पट्टा, किमान ८ ते १० मीटर. आणि चौथे धुऱ्यावरचे काटेरी कुंपण.

यातील तिसरा पट्टा हा या योजनेचा प्राण आहे. आडोसा पिकाला खेटून लावला तर हरणे व डुकरे त्याच्या आडून थेट पिकात उतरतात आणि आपणच त्यांना वाट करून दिल्यासारखे होते. मध्ये मोकळी जागा असली तर तेथे पाऊल टाकताना जनावर कचरते आणि जागलीवरच्या माणसालाही ते दिसते. हिवाळ्याच्या अखेरीस हा पट्टा गवत कापून स्वच्छ ठेवला तर जंगलातील वणवा शेतापर्यंत येण्यासही अटकाव होतो.

वनजमिनीवर वनखात्याच्या परवानगीशिवाय लागवड करता येत नाही. म्हणून पहिल्या दोन पट्ट्यांचे काम वनालगतच्या आपल्या पडीत जमिनीवर करावे. गावाचे गायरान किंवा वनजमीन असेल तर ग्रामपंचायत, संयुक्त वन व्यवस्थापन समिती व वनखाते यांना बरोबर घेऊनच काम करावे.

आडोशासाठी कोणती झाडे?

झाड निवडताना दोन कसोट्या लावा. एक, ते जनावरांनी खाऊन संपवू नये. दोन, उन्हाळ्यात ते उघडे पडू नये. पुष्कळजण सागाची ओळ लावतात. पण साग उन्हाळ्यात पाने टाकतो, म्हणजे जंगल ओके-बोके होऊन आडोशाची सर्वांत जास्त गरज असते तेव्हाच पडदा फाटलेला असतो.

या कसोट्यांवर निरगुडी आणि अडुळसा चांगले उतरतात. दोन्हींना जनावरे सहसा तोंड लावत नाहीत, दोन्ही छाटांपासून येतात आणि दोन्ही औषधी आहेत. मानवेल बांबू उन्हाळ्यात पाने टाकत असला तरी त्याचे बेट नजर अडवते. परंतु त्याचे कोवळे वास्ते हरणे, डुकरे व साळिंदर आवडीने खातात, म्हणून पहिली काही वर्षे काट्यांची राखण द्यावी लागते.

घाणेरी म्हणजे रायमुनिया आणि वेडी बाभूळ ही मात्र लावू नका. ती लवकर वाढतात हे खरे, पण पुढे गवताला दाबून टाकतात. गवतच गेले तर हरणे आपल्या शेताकडेच वळणार.

लागवड कशी करावी?

मे महिन्यात आखणी करून एकमेकांपासून १ मीटर अंतरावर तीन चर किंवा खड्ड्यांच्या तीन ओळी तयार कराव्यात. पावसाचा जोर बसल्यावर, जमीन चांगली ओली असताना, छाट लावावेत. गावाकडच्या दोन ओळींत निरगुडीचे २० ते २५ सें.मी. लांबीचे पक्व छाट ७५ सें.मी. अंतरावर लावावेत. जंगलाकडच्या ओळीत अडुळशाचे तीन-चार डोळ्यांचे छाट ५० सें.मी. अंतरावर लावावेत. एका ओळीतील झाडे दुसऱ्या ओळीतील दोन झाडांच्या मध्ये येतील अशी नागमोडी मांडणी करावी, म्हणजे फट राहत नाही. १०० मीटर लांबीच्या आडोशासाठी नांग्या धरून निरगुडीचे सुमारे ३०० आणि अडुळशाचे सुमारे २२० छाट लागतात. छाट परिसरातच मिळत असल्याने खर्च मुख्यतः मजुरीचा असतो.

हा आडोसा पुरुषभर उंच व्हायला दोन-तीन पावसाळे लागतात. तोपर्यंत काय करावे? पहिल्याच पावसात ओळींच्या बाहेर एरंडी टोकावी. एरंडी एकाच हंगामात माणसाच्या उंचीची होते आणि जनावरे तिला सहसा खात नाहीत. तिच्या जोडीला अंबाडी पेरली तर दिवाळीपर्यंत खालची फटही झाकली जाते. ज्वारी किंवा मका मात्र येथे पेरू नये. ते हरणांना व डुकरांना आमंत्रण ठरेल.

पहिल्या उन्हाळ्यात शक्य असल्यास पाणी द्यावे आणि बुंध्याशी पालापाचोळ्याचे आच्छादन करावे. दुसऱ्या पावसाळ्याच्या सुरुवातीला नांग्या भराव्यात. निरगुडी कमरेइतकी झाली की शेंडे खुडावेत. त्यामुळे ती खालपासून फुटते. नुसती उंच वाढलेली आणि बुडाशी उघडी ओळ हरणाच्या दृष्टीने निरुपयोगी आहे, कारण चितळाची खांद्याजवळची उंची मीटरभरापेक्षा कमीच असते.

धुऱ्यावरचे कुंपण

आता पिकाची बाजू. धुऱ्याच्या बाहेरच्या अंगाला ६० सें.मी. रुंद व तितकाच खोल चर खणून माती शेताच्या बाजूला टाकावी. या मातीच्या बांधावर सागरगोटा, चिल्हार किंवा करवंद यांची दुहेरी ओळ घ्यावी. बाहेरच्या उतारावर १ मीटर अंतराने घायपाताची पिल्ले लावावीत. सागरगोट्याचे बी फार टणक असते. ते दगडावर एका बाजूने घासून २४ तास पाण्यात भिजवून लावावे. करवंदाचे बी लवकर निकामी होते, म्हणून पिकलेल्या फळांतून काढल्याबरोबर पिशव्यांत पेरावे आणि रोपे पुढच्या पावसाळ्यात लावावीत.

चितळ किंवा रोही उंच उडी मारू शकते हे तुम्ही पाहिले आहे. म्हणून नुसत्या उंचीवर भिस्त ठेवू नका. कुंपणाला जाडी हवी. पलीकडे पाय कोठे पडेल हे दिसत नसेल तर जनावर उडी घेताना बिचकते. कुंपणातील खिंडारे दर पावसाळ्यापूर्वी बोरी-बाभळीच्या काट्यांनी बुजवावीत, कारण एक खिंडार राहिले तरी कळप नेमका तेथूनच शिरतो.

हरभऱ्याभोवती करडईच्या काही ओळी पेरण्याची आपली जुनी पद्धत चांगली आहे. मात्र करडई कोवळी असताना तिला काटे नसतात आणि जनावरे ती खातात, हे ध्यानात ठेवून त्या काळात राखण चालू ठेवावी.

कुंपणाच्या तारेत घरगुती वीज सोडणे हा गुन्हा तर आहेच, पण त्यात जनावरांबरोबर माणसांचेही जीव गेले आहेत. ते कदापि करू नये. पिकाचे नुकसान झाल्यास शेत तसेच ठेवून ताबडतोब जवळच्या वन कार्यालयात लेखी अर्ज द्यावा आणि पंचनामा करून घ्यावा.

काळविटांचा माळ वेगळा

वर सांगितले ते चितळ-सांबरांच्या जंगलासाठी. काळविटाचा स्वभाव याच्या उलट आहे. ते माळावरचे जनावर आहे. दूरवर नजर जाणे आणि वेगाने पळता येणे हेच त्याचे संरक्षण. कर्जत तालुक्यातील रेहेकुरी येथे काळविटांसाठी १९८० साली अभयारण्य झाले. तसल्या माळावर झाडांचा पडदा उभा केला तर काळवीट निर्धास्त न होता बावरते. तेथे झाडे न लावता गवत राखावे. सगळे गवत एकाच वेळी न कापता मधून मधून पट्टे उभे ठेवावेत, कारण पाडसे त्यातच दडून बसतात.

पाडसाबद्दल एक विनंती. चितळ असो वा काळवीट, आई चरायला जाताना पाडसाला गवतात बसवून जाते आणि ते हालचाल न करता पडून राहते. गवत कापताना असे पाडस दिसले तर ते अनाथ आहे असे समजून घरी आणू नका. त्याला हात न लावता तेवढा तुकडा सोडून पुढे जा. आई परत येते.

शेवटी

बंधूंनो, एकट्या आडोशाने पिकाचे सगळे नुकसान थांबेल असे मी सांगत नाही. रानडुकराला आडोसा हरणाइतकाच आवडतो, म्हणून मधला मोकळा पट्टा आणि धुऱ्यावरचे कुंपण यांत हयगय करून चालणार नाही. तसेच एकाच शेतकऱ्याने कुंपण केले तर कळप शेजाऱ्याच्या शेतात जातो. हे काम सलग धुऱ्याच्या सर्व शेतकऱ्यांनी मिळून करायचे आहे. येत्या मे महिन्यात चार शेजारी एकत्र बसा, जंगलाच्या कडेने एक फेरी मारा, कळपाच्या वाटा कोठून येतात ते पाहा आणि १०० मीटरपासून सुरुवात करा. आणि ज्यांच्या विहिरीला कठडा नाही, त्यांनी पहिला पाऊस पडण्याआधी कठडा बांधून घ्यावा. ते काम झाडे वाढण्याची वाट पाहत थांबण्यासारखे नाही.