तारण



"शास्त्रात लिहिलंय" असं कुणी म्हटलं की घरातलं बोलणं तिथंच थांबतं. आम्हा ख्रिस्ती घरांतही तेच. पत्नीनं पतीच्या अधीन असावं, हे इफिसकरांस पत्रातलं वचन पुष्कळांना पाठ असतं. त्याच्या अगदी आधीच्या ओळीत एकमेकांच्या अधीन राहा असं सांगितलंय, ते मात्र फारसं कुणी ऐकवत नाही! शास्त्राचा अधिकार मानायचा तर आधी ते आपण स्वतः उघडून वाचायला हवं. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून बायबल सोप्या मराठीत आणलं, ते साध्यासुध्या बायकांना वाचता यावं म्हणूनच. १९२२ साली त्या गेल्या, तोवर त्याच कामात होत्या. केडगावच्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात बायकांनीच ते छापलं.

आता गटातली गोष्ट सांगते. एका ताईचे चार हप्ते थकले. नवऱ्याचं आजारपण, दुसरं काय. बैठकीत दोघीतिघी म्हणाल्या, "तिची शिलाई मशीन आणून ठेवू, पैसे दिले की परत देऊ." नियमाला धरून होतं, आणि पैसाही सगळ्यांच्या घामाचा.

मला मोशेच्या नियमशास्त्रातला 'अनुवाद' या पुस्तकाचा २४ वा अध्याय आठवला. कर्जापोटी कुणाचं जातं गहाण घेऊ नका, जात्याची वरची तळीसुद्धा नको, असं तिथं आहे. का? तर त्यावर घर जेवतं, जातं नेणं म्हणजे जीवच गहाण घेणं. आज जातं राहिलं नाही, पण त्या ताईचं जातं म्हणजे ती मशीन. ती उचलली तर हप्ता भरणार कशातून?

आमच्या गटात सगळ्याच काही ख्रिस्ती नाहीत. त्यामुळे मी वचन पुढे केलं नाही, तो हिशेबच मांडला. पटला. इतिवृत्तात ठराव लिहिला, की पोट भरण्याचं साधन तारण म्हणून घ्यायचं नाही. कर्ज माफ केलं नाही हं, हप्ता निम्मा केला आणि मुदत वाढवली. एकीला हे अजूनही मान्य नाही, आणि तिचं म्हणणं अगदीच चुकीचं नाही. उद्या सगळ्याच थांबल्या तर गट चालायचा कसा? तो प्रश्न आम्ही मोकळाच ठेवलाय.

त्या अध्यायात एक गोष्ट मला फार आवडते. तो सगळा उपदेश कर्ज देणाऱ्याला आहे. म्हणजे वही माझ्या हातात असते तेव्हा ते मला आहे, त्या ताईला ऐकवायला नाही. तारण घ्यायला गेलात तर घरात शिरू नका, बाहेर उभे राहा, त्यानं आणून द्यावं, असंही तिथं सांगितलंय. वसुलीला जाताना आम्ही आता ओट्याखालीच थांबतो. हाक मारतो. ताई बाहेर आली की मग बोलतो.