ओरणाची बाजू



साहित्य संमेलनाच्या अध्यक्षाने मराठी साहित्याच्या सद्यःस्थितीचा आढावा घ्यावा, असा प्रघात आहे. तो मी आज मोडणार आहे. मला राजस्थानातल्या जैसलमेरच्या ओरणांबद्दल बोलायचं आहे, आणि ते सोलापुरातच बोलायचं आहे. इथून वीस-बावीस किलोमीटरवर नान्नज आहे. माळढोकासाठी 1979 साली तिथे अभयारण्य झालं. आज तिथे माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी येते. देशात आता हा पक्षी दीडशेसुद्धा उरलेला नाही, आणि जो आहे तो जवळजवळ सगळा जैसलमेरच्या वाळवंटात. आपल्या हातून गेला, त्यांनी राखला. कसा राखला, हे आपण कधी विचारलं का?

ओरण म्हणजे देवाच्या नावाने सोडलेलं रान. आपल्या सह्याद्रीत देवराया आहेत, पण त्या बहुतेक एकरांत मोजाव्यात एवढ्याच. जैसलमेरजवळचं देगराय मातेचं ओरण साठ हजार बिघ्यांचं आहे, असं तिथले गावकरी सांगतात. तिथे कुऱ्हाड चालत नाही. चराई मात्र सगळ्यांना मोकळी: उंट, शेळ्या, मेंढ्या, गाई. सेवण गवत, केर, कुंभट, बोरी, आणि खेजडी. ही खेजडी म्हणजे दसऱ्याला आपण पुजतो ती शमी. तिचा पाला जनावरं खातात. तिच्या कोवळ्या शेंगा, म्हणजे सांगरी, उकडून उन्हात वाळवतात आणि वर्षभर पुरवतात. दुष्काळात घरात दुसरं काही नसलं तरी केर-सांगरीची भाजी असते.

ओरणाला लागून आगोर असतो, म्हणजे तळ्याकडे पाणी वाहून आणणारा उतार. जोडे घालून त्यावर जायचं नाही, अशी जुनी रीत. तिथला पाऊस सोलापूरच्या निम्म्याहूनही कमी. एवढ्याशा पावसावर पालीवाल ब्राह्मणांनी खडीनं उभी केली. उताराच्या खालच्या अंगाला मातीचा लांब बांध घालायचा, वाहून आलेलं पाणी अडवून जिरू द्यायचं आणि त्या ओलीवर हिवाळ्यात गहू-हरभरा घ्यायचा. वर आगोर मोकळा असेल तरच खाली पीक येतं. मधे सौर प्रकल्पांचे खांब आणि पॅनेल रोवले, रस्ते केले, कुंपण घातलं की पाण्याची वाट तुटते. विहिरी-तळ्यांचं हे शास्त्र अनुपम मिश्र यांनी हिंदीत लिहून ठेवलं, त्याला आता तीस वर्षं झाली. ज्यांनी या प्रकल्पांच्या योजना आखल्या त्यांनी ते वाचलं असतं, तर हे भाषण करायची वेळ आली नसती.

सरकारी दप्तराला यातलं काही दिसत नाही. शेकडो वर्षं राखलेली कित्येक ओरणं महसुली नोंदीत ओरण म्हणून लागलेलीच नाहीत. सरकारी पडीक, एवढीच त्यांची ओळख. मग ती ऊर्जा प्रकल्पांना देताना कुणाचं काही घेतलं, असं कागदावर दिसतच नाही. मी याला लूट म्हणतो. कायदेशीर शिक्का असलेली लूट.

त्या जमिनीवरून उच्च दाबाच्या तारा जातात. माळढोक जड पक्षी आहे, डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, समोरचं नीट दिसत नाही. तार दिसेपर्यंत वळायला अवधी उरत नाही. तारांमुळे थरच्या सुमारे 4,200 चौरस किलोमीटरच्या पट्ट्यात वर्षाला 84 हजार पक्षी मरतात, असा भारतीय वन्यजीव संस्थेचा अंदाज आहे. 2021 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तारा जमिनीखाली घ्यायला सांगितलं, आणि मार्च 2024 मध्ये तोच आदेश सैल केला. मादी वर्षाला बहुधा एकच अंडं घालते, हे आदेश सैल करताना कुणी मोजलं?

इथे बसलेल्यांपैकी काहींच्या ओठांवर प्रश्न असेल: कोळसा नको, सौर नको, मग वीज आणायची कुठून? सौर हवीच. शहरांची छपरं आहेत, कालवे आहेत, खाणींनी खाऊन टाकलेली जमीन आहे. तिथून सुरुवात न करता गुराख्याच्या कुरणापासून करायची, कारण गुराखी कोर्टात जाणार नाही, हा हिशेब मला मान्य नाही. मुंबईच्या उपनगरांत येणारी काही वीज जैसलमेरच्या सौर-पवन प्रकल्पातली आहे. तेव्हा परक्या प्रांताचं भांडण म्हणून हात झटकायची सोय आपल्याला नाही.

1730 साली खेजडलीला अमृतादेवींसह 363 बिश्नोईंनी झाडांसाठी प्राण दिले, हे आपण पर्यावरण दिनी हमखास सांगतो. त्याच राजस्थानात, 1955 च्या काश्तकारी कायद्याखाली, खेजडी तोडण्याचा दंड वर्षानुवर्षं शंभर रुपये होता, हे कुणी सांगत नाही. आणि आजचे लोक? धोलिया गावचा राधेश्याम बिश्नोई भर उन्हाळ्यात टँकरने पाणवठे भरायचा, जखमी चिंकारे उचलून आणायचा, माळढोकांवर नजर ठेवायचा. मे 2025 मध्ये शिकाऱ्यांची खबर आली म्हणून रात्री निघाला आणि लाठीजवळच्या अपघातात गेला. त्याच्याबरोबर आणखी तिघे गेले, त्यांत एक वनरक्षक. राधेश्यामचं वय अवघं अठ्ठावीस. आपल्या किती मासिकांनी त्याच्यावर दोन ओळी छापल्या?

ओरणं वाचवायला उंटपाळ पायी जिल्हा कचेरीवर गेले. डिसेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थान सरकारला ओरणांची मोजणी करून त्यांना वनाचं संरक्षण द्यायला सांगितलं. आदेश चांगला आहे. पण उद्या वनखातं येऊन चराईच बंद करेल, ही गावांची भीतीही खरी आहे. म्हणून मालकी गावाचीच हवी. गडचिरोलीच्या मेंढा-लेखाला 2009 साली सामूहिक वनहक्क मिळाला. ग्रामसभा रान सांभाळू शकते, हे आपल्याच राज्याने देशाला दाखवलं. मग देगरायला तो हक्क का नको?

आणि आपलं काय? सौर कृषी वाहिनी योजनेसाठी गायरानं दिली जात आहेत. ज्या माळावर धनगर मेंढरं चारतात, तो आपल्या कथा-कादंबऱ्यांत पानापानावर ओसाड, उजाड, भकास असतो. लेखकांनो, ही विशेषणं तहसीलदाराच्या कामी येतात. माळावर कोण चरतं, कोण अंडी घालतं, पाणी कुठून कुठे जातं, ते लिहा. तेवढी मेहनत नको असेल, तर माळावर लिहू नका.

या संमेलनापुढे मी दोन मागण्यांचा ठराव ठेवतो. जैसलमेरच्या ओरणांची नोंद गावांच्या नावे व्हावी. आणि सोलापूर जिल्ह्यातलं एकही गायरान ग्रामसभेच्या लेखी संमतीशिवाय कोणत्याही प्रकल्पाला देऊ नये. ज्यांचा विरोध असेल त्यांनी आत्ता, इथेच उभं राहून बोलावं. चहापानाची सुट्टी त्यानंतर.