प्रश्न विचारणारे सहकारी
(विद्यापीठीय कर्मचाऱ्यांच्या नेतृत्वविकासावरील व्याख्यानाचे शब्दांकन)



विद्यापीठात नेतृत्व बहुधा अकस्मात अंगावर येते. वीस वर्षे अध्यापनात आणि संशोधनात रमलेला प्राध्यापक एके दिवशी ज्येष्ठतेच्या किंवा पाळीच्या न्यायाने विभागप्रमुख होतो. लिपिक म्हणून रुजू झालेली कर्मचारी पायरी पायरीने चढत कक्षाधिकारी होते. यांपैकी कोणाकडेही आपल्या विषयाचे ज्ञान उणे नसते. परंतु माणसे सांभाळणे, मतभेद मिटविणे, अप्रिय निर्णय घेणे आणि तो निभावून नेणे, याचे शिक्षण त्यांना कोणी दिलेले नसते. शिवाय 'मला हे जमत नाही' असे म्हणण्याची सोयही उरत नाही. ज्ञान हीच जेथे प्रतिष्ठा, तेथे अज्ञानाची कबुली सर्वांत अवघड असते.

या एकाकीपणाची किंमत संस्थेला मोजावी लागते. समोरासमोर बोलून दहा मिनिटांत सुटणारा प्रश्न टिपणी, स्मरणपत्र आणि खुलासा यांच्या चक्रात अडकतो. शेजारच्या दालनांत बसणारे दोन सहकारी एकमेकांना जावक क्रमांक घालून पत्रे पाठवू लागतात. त्यात ताटकळतो तो विद्यार्थी.

प्रशिक्षणाचे प्रयत्न आपल्याकडे झालेच नाहीत, असे नाही. १९८६च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर १९८७पासून विद्यापीठ अनुदान आयोगाने अकॅडेमिक स्टाफ कॉलेजे उभी केली. पुढे त्यांची मनुष्यबळ विकास केंद्रे झाली आणि २०२३मध्ये ती मालवीय मिशनच्या छत्राखाली आली. २०१८मध्ये केंद्र शासनाने उच्च शिक्षणातील भावी नेतृत्वासाठी 'लीप' हा कार्यक्रम जाहीर केला. हे सारे कार्य मोलाचे आहे. तथापि वर्गातून परतलेल्या माणसासमोर सोमवारी सकाळी जो पेच उभा राहतो, त्याचे उत्तर कोणत्याही टाचणात लिहिलेले नसते. तेथे उपयोगी पडते ती समदुःखी सहकाऱ्यांची छोटी, अनौपचारिक बैठक.

खाणीतून आलेली पद्धत

या पद्धतीचे जनक म्हणून रेग रेव्हन्स (१९०७–२००३) या इंग्रज विचारवंताचे नाव घेतले जाते. १९२८च्या ऑलिंपिकमध्ये लांब उडीत ब्रिटनचे प्रतिनिधित्व केलेले रेव्हन्स केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत संशोधक होते. तेथील दिग्गज शास्त्रज्ञ आपले यश मिरविण्यापेक्षा आपले अडलेले प्रश्न एकमेकांपुढे ठेवतात, ही गोष्ट त्यांच्या मनावर ठसली. पुढे ब्रिटनच्या कोळसा उद्योगात शिक्षणाची धुरा सांभाळताना त्यांनी खाणींच्या व्यवस्थापकांना छोट्या गटांत बसवून परस्परांच्या अडचणींवर विचार करावयास लावले. १९५५मध्ये ते मँचेस्टर येथे प्राध्यापक झाले. त्यांची पद्धत 'ॲक्शन लर्निंग', म्हणजेच कृतीतून अध्ययन, या नावाने ओळखली जाते.

रेव्हन्स कोडे आणि समस्या यांत भेद करीत. कोड्याला ठरलेले उत्तर असते आणि ते तज्ज्ञ सांगू शकतो. समस्येचे तसे नसते. तेथे दोन शहाणी माणसे दोन भिन्न मार्ग निवडतात आणि दोघांचेही बरोबर असू शकते. म्हणूनच तयार ज्ञानाला नेमक्या प्रश्नांची जोड मिळाली तरच खरे शिक्षण घडते, असे त्यांचे सूत्र होते. ब्रिटनमधील अनेक विद्यापीठांनी आपल्या प्राध्यापकांसाठी आणि प्रशासकांसाठी ही पद्धत स्वीकारली आहे.

गट चालतो कसा?

पाच ते आठ जण महिन्यातून एकदा दोन तास एकत्र बसतात. ते वेगवेगळ्या विभागांतील असतात. अधिकारी आणि त्याच्याच हाताखालचा कर्मचारी एका गटात नसतात. प्राध्यापक, ग्रंथपाल, परीक्षा विभागातील अधीक्षक, वसतिगृहाचे अधीक्षक असा संमिश्र गट असल्यास उत्तमच. एक जण आपला पेच मांडतो. इतरांनी सल्ला द्यावयाचा नाही, आपले अनुभव ऐकवावयाचे नाहीत, केवळ प्रश्न विचारावयाचे. ज्यांचे आयुष्य उत्तरे देण्यात गेले, त्या प्राध्यापकांना हाच नियम सर्वांत जड जातो.

समजा, एका नव्या विभागप्रमुखाचे जुने गुरूच आता त्याच्या विभागात सहकारी आहेत. ते तास वेळेवर घेत नाहीत. विद्यार्थी कुरकुरतात. ज्यांच्या पाया पडलो, त्यांना कारणे दाखवा नोटीस कशी द्यावी? सल्ला देणारे लगेच दोन तट पाडतील: 'नियम म्हणजे नियम' आणि 'जाऊ द्या, दोन वर्षांत निवृत्त होतील'. गटातील कक्षाधिकारी मात्र एवढेच विचारते, "सरांशी शेवटचे निवांत बोलणे केव्हा झाले?" ग्रंथपाल विचारतात, "वेळापत्रक ठरविताना त्यांना विचारले होते का?" तिसरा विचारतो, "भीती नेमकी कशाची वाटते, त्यांच्या रागाची की लोक काय म्हणतील याची?" आणि विभागप्रमुखाच्या ध्यानात येते, की पत्राआधी सरांच्या घरी जाऊन बसणे बाकी आहे. निर्णय त्याचाच असतो, तो गटाने लादलेला नसतो. पुढील बैठक मात्र 'ठरविलेले केले का?' या विचारणेनेच सुरू होते.

आरंभी एखादा अनुभवी मार्गदर्शक सोबत असावा. गट स्वतःच्या पायांवर उभा राहिला की त्याने बाजूला व्हावे, यातच त्याचे यश आहे.

काही पथ्ये

गटात बोललेले गटाबाहेर जाता कामा नये. एक शब्द बाहेर फुटला तरी वर्षाचा विश्वास संपतो. अनुपस्थित माणसाची निंदा सुरू झाली की गटाचा कंपू होतो, आणि विद्यापीठांत कंपूंचा तुटवडा कधीच नव्हता. या उपक्रमाला पदोन्नतीच्या गुणांशी जोडणेही घातक. गुण मिळू लागले की माणसे अडचणी सांगण्याऐवजी कर्तबगारी सांगू लागतात. शिवाय प्रत्येक विषय गटात मिटवावयाचा नसतो. लैंगिक छळाची तक्रार २०१३च्या कायद्यान्वये अंतर्गत समितीकडेच गेली पाहिजे, आणि आर्थिक गैरव्यवहाराची चौकशी रीतसरच झाली पाहिजे. स्नेहाच्या नावाखाली न्याय टाळणे हे नेतृत्व नव्हे.

इमारती, अनुदान आणि मानांकन यांची चिंता विद्यापीठे सदैव वाहतात, आणि ती वाहिलीच पाहिजे. परंतु संस्था अखेर चालते ती तेथील माणसांच्या परस्परविश्वासावर. तो परिपत्रक काढून निर्माण होत नाही. त्यासाठी एक खोली, महिन्याचे दोन तास आणि 'मी अडलो आहे' असे प्रथम म्हणण्याचे धैर्य असलेला एक माणूस पुरतो. तो माणूस पदाने जितका मोठा, तितके इतरांना बोलणे सोपे जाते. म्हणून ज्येष्ठांनी हा आरंभ स्वतःपासून करावा. वर्षभरात असा एक गट जरी नेमाने चालला, तरी त्यातील सहा-सात माणसे आपापल्या विभागात उत्तरे फेकण्याआधी प्रश्न विचारू लागतील, आणि ताटकळणाऱ्या विद्यार्थ्याचे काम थोडे लवकर होईल.