चाळीस मीटर आणि राहून गेलेला एक प्रयोग



संयोजकांनी मला सांगितलं, ‘दहा मिनिटं बोल, आणि तुझ्या त्या रिमोटच्या गाड्यांवरच बोल.’ मागच्या रांगेत आत्ताच हशा पिकला. हसा खुशाल. पण या गाड्यांमुळे मला पहिल्या रांगेत बसलेल्या आपल्या विज्ञानाच्या बाईंना एक कबुली द्यायची आहे.

मी टेक्सासमध्ये राहतो. तिथे ड्रॅग रेसिंगचं मोठं वेड. दोन गाड्या, सरळ रस्ता, पाव मैल म्हणजे 1320 फूट, आधी पोचेल तो जिंकला. आमच्या गाड्या एकास दहा प्रमाणातल्या, म्हणून आमचा रस्ता 132 फुटांचा, साधारण 40 मीटर. दुकानं बंद झाली की त्यांच्या पार्किंगच्या डांबरावर आम्ही मोठी माणसं गुडघ्यावर बसून हे उद्योग करतो.

माझी पहिली गाडी 2 किलोची, मोटर 500 वॅटची. इंजिनियर माणूस, लगेच गणित मांडलं. या शर्यतीचा एक जुना नियम आहे: लागणारा वेळ हा वजन भागिले शक्ती याच्या घनमुळाच्या प्रमाणात असतो. रॉजर हंटिंग्टन या मोटार-लेखकाने तो खऱ्या गाड्यांच्या नोंदींवरून मांडला. 1973 मध्ये जेफ्री फॉक्स यांनी ‘अमेरिकन जर्नल ऑफ फिजिक्स’मध्ये त्यामागचं भौतिकशास्त्र उलगडलं. घनमूळ असल्यामुळे शक्ती दुप्पट केली तरी वेळ निम्मा होत नाही, जेमतेम 20 टक्क्यांनी घटतो. वजन निम्मं केलं तरी तेवढाच.

या हिशोबाने माझ्या गाडीला 2 सेकंद लागायला हवे होते. लागले 3.8.

मग मी 1000 वॅटची मोटर बसवली. हिशोब म्हणाला, दीड सेकंद. गाडी जागच्या जागी चाकं फिरवत राहिली, शेपूट हलवत तिरकी झाली आणि 4 सेकंदांनी पोचली. मग वजनाच्या मागे लागलो. बॉडी बदलली, स्क्रू बदलले, 200 ग्रॅम कमी केले. फरक शून्य. आणि शेजारचा शाळकरी मुलगा साध्या मोटरवर मला दर शनिवारी हरवत होता. एकदा माझी मुलगी म्हणाली, “बाबा, तुमच्या गाडीचा आवाज मोठा आहे, पण ती जात नाही.”

त्या रात्री मला आपली प्रयोगशाळा आठवली. लाकडी ठोकळा, त्यावर ठेवायची वजनं, आणि ओढायला ताणकाटा. घर्षणाचा प्रयोग. बाई, नववीत तो प्रयोग मी केलाच नव्हता. मी खिडकीतून मैदानावरची मॅच बघत होतो. सगळे आकडे शेजारच्याच्या वहीतून उतरवले, आणि तुम्ही विश्वासाने त्यावर सही केलीत. तो शेजारीही आज इथे आहे. त्याचं नाव सांगत नाही.

मग टेक्सासच्या त्या डांबरावर, वयाच्या सत्तेचाळिसाव्या वर्षी, मी तो प्रयोग केला. स्वयंपाकघरातल्या काट्यावर मागची चाकं तोलली: 1250 ग्रॅम. ती चाकं जाम करून बॅग तोलायच्या हूकच्या काट्याने गाडी ओढली. सुमारे 1000 ग्रॅमला ती सरकली. मूळची मोटर परत बसवली, बॅटरी मागे सरकवली. मागचा भार 1500 झाला, आणि ओढ लागली सुमारे 1200. दोन्ही वेळा गुणोत्तर 0.8. वहीत उतरवलेला तोच नियम, पण या वेळी आकडे माझे होते.

कोडं सुटलं. मोटर कितीही जोर लावो, चाक जमिनीला जेवढं धरतं त्याहून जास्त जोर रस्त्यापर्यंत पोचतच नाही. उरलेला चाक घसरण्यात जातो, आणि घसरतं चाक आणखी कमी धरतं. गाडी हलकी केली की ढकलायचं ओझं कमी होतं, पण चाकांची पकडही तितकीच घटते. म्हणून वजन किती, यापेक्षा ते कुठे आहे हे बघायचं. फार मागे नेलं तर तोंड वर उचलतं. त्यासाठी मागे छोट्या चाकांची दांडी लावतात. शक्ती आणि वजनाचा तो नियमही खोटा नाही, पण तो चाकांनी रस्ता धरल्यानंतरचा आहे.

जुन्या 500 वॅटच्या मोटरवर, फक्त बॅटरी मागे नेऊन, गाडी 3.4 सेकंदांत पोचली. त्या मुलाला मी अजून हरवलेलं नाही. त्याचे टायर माझ्यापेक्षा मऊ आहेत, हे आता मला कळतं.

बाई, त्या दिवशीचं निरीक्षण, तक्ता आणि निष्कर्ष मी वहीत लिहून आणलाय. समारंभ संपला की तेवढी सही करा. या वेळी उतरवलेलं नाही.