बंबाला वाट ठेवू या
(उत्सवाच्या तयारीसाठी भरलेल्या मंडळाच्या सभेत केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी काही व्याख्याता नाही. डिप्लोमा करून रेल्वेत लागलो, बावीस वर्षे नोकरीत गेली. आज अग्निशमन दलावर बोलायला उभा राहिलो, त्याला कारण गेल्या वर्षीची आपल्या मंडपातली ती रात्र.

आरती आटोपली होती. हॅलोजनच्या तारेचा सांधा तापला आणि पडद्याने पेट घेतला. कुणीतरी १०१ लावला. बंब लवकर आला, पण आपल्या कमानीपाशी अडला. कमान बुटकी आणि आत दुतर्फा स्कूटर. जवान नळी खांद्यावर घेऊन धावत आले. तोवर आपल्या मुलांनी मेन स्विच बंद करून, पडदा ओढून, वाळू टाकून आग विझवली होती. त्यांच्या प्रमुखाने पहिला प्रश्न विचारला, "अंदर कोई है क्या?" नुकसानीची चौकशी नंतर.

मंडळी, तो सांधा मी बांधला होता. कामावर कुणी असा सांधा बांधला असता तर मी त्याला मेमो दिला असता. इथे मात्र 'दहा दिवसांचाच तर प्रश्न' म्हणून टेप गुंडाळून मोकळा झालो.

दरवर्षी १४ एप्रिलपासून देशभर अग्निशमन सेवा सप्ताह पाळतात. त्यामागे मुंबईची गोष्ट आहे. १४ एप्रिल १९४४ रोजी व्हिक्टोरिया गोदीत 'फोर्ट स्टिकिन' हे जहाज उभे होते. पोटात सुमारे १४०० टन स्फोटके आणि कराचीत चढवलेल्या कापसाच्या गासड्या. दुपारी साडेबाराच्या सुमारास काहींना धूर दिसला होता, पण त्यांनी तो मनावर घेतला नाही. बंबांना वर्दी गेली ती दोनच्या सुमारास. जहाज सोडण्याचा हुकूम सुटल्यावरही जवान पाणी मारत होते. ४ वाजून ६ मिनिटांनी पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जण गेले. भायखळ्याच्या मुख्यालयात त्यांचे स्मारक आहे.

यातून मी एवढेच घेतो की, जवान येतात, जिवावर उदार होऊन येतात. पण त्यांच्या आधीचा वेळ आपल्या हातात असतो. वर्दी वेळेवर देणे आणि वाट मोकळी ठेवणे, ही दोन कामे त्यांची नव्हेत, आपली.

आमच्याकडे अपघातस्थळी जाणारी मेडिकल व्हॅन असते. तिची सायडिंग दोन्ही टोकांनी सुटणारी असेल तर तिने १५ मिनिटांत निघावे असा दंडक आहे. एकाच टोकाने सुटत असेल तर २० मिनिटे. नुसत्या वाटेपायी पाच मिनिटांचा फरक! मंडपालाही हाच हिशेब लागू आहे.

म्हणून कार्यकारिणीला विनंती आहे. मंडपाला समोरासमोर दोन दारे असावीत. कमान बंब जाईल एवढी उंच आणि रुंद असावी. मोजमाप अग्निशमन केंद्रातच जाऊन विचारू. वाहने मैदानापलीकडे लावावीत. मेन स्विच कुठे आहे हे निदान चौघांना ठाऊक असावे, कारण वीज चालू असताना पाणी मारणे म्हणजे दुसरा अपघात. वाळूच्या बादल्या भरलेल्या असाव्यात, त्यांत नारळाच्या शेंड्या आणि पानाच्या पिचकाऱ्या नकोत! १०१ आणि ११२ हे क्रमांक फलकावर मोठ्या अक्षरांत लिहावेत. वायरिंग यंदा परवानाधारक माणसाकडून करून घ्यावे. मी फक्त तपासणी करीन.

आणि शेवटची विनंती. एका संध्याकाळच्या आरतीचा मान अग्निशमन केंद्रातील जवानांना द्यावा. गेल्या वर्षी ते आले तेव्हा गडबडीत त्यांना प्रसाद द्यायचाही राहून गेला.

गणपती बाप्पा मोरया!